डिस्क ० की डिस्क १? : ड्राइव्हच्या नंबरांचा छोटा इतिहास आणि माझी गेलेली एक रात्र

संशोधनाची तयारी करताना सगळे तुम्हाला सांगतात की विषय नीट निवडा, भरपूर वाचा, टिपणं काढा. साधनं गोळा केल्यावर ती ज्या डब्यात ठेवायची, त्या डब्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. आज त्याबद्दल लिहितेय, कारण त्याची किंमत मी मोजली आहे.

माझा विषय भिवंडीचे यंत्रमाग. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरच्या वर्षांत इथल्या मागांवर काय झालं, कोण आलं, कोण गेलं, हे मी शोधतेय. दोन वर्षांत मी जमवलं ते असं: जुन्या हिशेबवह्यांचे, पावत्यांचे आणि सरकारी कागदांचे साधारण अकराशे फोटो, आणि मागांवर काम केलेल्या लोकांच्या चौदा मुलाखती. हे सगळं एका एक टेराबाइटच्या बाहेरच्या डिस्कवर होतं. दुसरी प्रत नव्हती. (हो, मला माहीत आहे. पुढे वाचा.)

दुसरी प्रत करायची म्हणून मी मैत्रिणीकडून तिची जुनी डिस्क मागून आणली. तीही एक टेराबाइटचीच. तिच्यावर कुठल्या तरी जुन्या मशीनची विचित्र पार्टिशनं होती, म्हणून ती आधी पूर्ण साफ करून फॉरमॅट करायची होती. रात्री धामणकर नाक्याजवळच्या माझ्या खोलीत दोन्ही डिस्क जोडल्या आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडून बघितलं. डिस्क ० म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली, डिस्क १ मैत्रिणीची, डिस्क २ माझी. कागदावर लिहून ठेवलं: "१ साफ करायची." तेवढ्यात वीज गेली. अर्ध्या तासाने आली. मशीन पुन्हा सुरू केलं, डिस्कपार्ट उघडलं, कागद बघितला, डिस्क १ निवडली आणि 'क्लीन' टाइप केलं. डिस्कपार्ट "नक्की ना?" असं विचारत नाही. मग नवं पार्टिशन, झटपट फॉरमॅट, आणि त्या वर्षीचं स्कॅनिंग कॉम्प्युटरमधून तिच्यावर कॉपी करायला लावून मी झोपले.

सकाळी दुसरी डिस्क उघडली तर मैत्रिणीची विचित्र पार्टिशनं जशीच्या तशी होती.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं तेव्हा दोन्ही डिस्क वेगळ्या क्रमाने सापडल्या होत्या. रात्रीची २ आता १ झाली होती. दोन्ही एकाच मापाच्या, त्यामुळे यादीत दोन्हींपुढे तोच आकडा: ९३१ जीबी. मी कागदावर लिहिलेला नंबर बरोबर होता, फक्त ज्या वस्तूला तो लागला होता ती बदलली होती.

त्यानंतर बरेच दिवस मला एकच प्रश्न छळत होता. डिस्कला नंबर असतो, तर तो तिचा स्वतःचा का नसतो? इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे उत्तर शोधायला मी मागे गेले. ते उत्तर तुमच्याही कामाचं आहे.

सी ड्राइव्हच्या आधी

पहिला प्रश्न आपण शाळेपासून ऐकतोय: ड्राइव्ह 'सी' पासूनच का सुरू होतो?

डिस्कला अक्षराने हाक मारायची सवय पर्सनल कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या मशीनवरच्या सीएमएस या प्रणालीत प्रत्येक वापरणाऱ्याला एका मोठ्या डिस्कचे छोटे तुकडे वाटून दिले जात, आणि त्या तुकड्यांना ए, बी, सी अशी अक्षरं असत. १९७४ मध्ये गॅरी किल्डाल यांनी लहान मशीनसाठी सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तिच्यातही फ्लॉपीच्या खाचांना ए आणि बी म्हटलं जाई. पुढे टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या डॉसने तीच पद्धत उचलली. ते डॉस मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीबरोबर ते जगभर गेलं.

त्या पीसीत एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह असत. एकच असेल तर डॉस एक गंमत करायचं. त्या एकाच खाचेला ते ए पण म्हणायचं आणि बी पण. फाइल ए वरून बी वर कॉपी करायला सांगितली की ते थांबून सांगायचं, आता बी ची फ्लॉपी घाला. म्हणजे अगदी सुरुवातीपासूनच ते अक्षर एका ठरावीक वस्तूचं नाव नव्हतं. ते होतं भूमिकेचं नाव. नाटकात एकच नट आधी राजा आणि मग शिपाई होतो ना, तसं.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचं पीसी एक्सटी आलं, दहा मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसकट. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेले होते, म्हणून तिला मिळालं सी. फ्लॉपी आता गेल्या. आज विकत घेतलेल्या लॅपटॉपला फ्लॉपीची खाच नसते, तरी त्याची डिस्क सी च असते. रिकाम्या दोन खुर्च्या आपण चाळीस वर्षं तशाच ठेवल्या आहेत.

पडद्यामागे आणखी एक मोजणी चालू होती. मशीन सुरू होताना जो छोटा प्रोग्राम जागा होतो, म्हणजे बायोस, तो फ्लॉपींना ० आणि १ असे नंबर द्यायचा आणि हार्ड डिस्कना १२८ पासून पुढे. म्हणजे तीच पहिली हार्ड डिस्क बायोससाठी १२८, डॉससाठी सी, आणि आज डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ०. तीन नावं, आणि तिन्ही एकाच गोष्टीची उत्तरं देतात: मोजताना तू कितवी सापडलीस?

घुसखोर डी

डिस्क मोठ्या झाल्या तशी त्यांची विभागणी सुरू झाली. एका डिस्कवर जास्तीत जास्त चार मुख्य पार्टिशनं बसत. १९८७ च्या डॉस ३.३ पासून एका विस्तारित पार्टिशनमध्ये अनेक लॉजिकल ड्राइव्ह करता यायला लागले. आता अक्षरं कुठल्या क्रमाने वाटायची? डॉसने नियम केला: आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य पार्टिशनला एकेक अक्षर, आणि ते संपल्यावर लॉजिकल ड्राइव्हना.

ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण १९९० च्या दशकातलं एखादं घर किंवा ऑफिस डोळ्यांसमोर आणा. एक डिस्क आहे. तिच्यावर सी म्हणजे मुख्य पार्टिशन, डी म्हणजे लॉजिकल. डी वर सगळे हिशेब. जागा कमी पडली म्हणून दुसरी डिस्क आणून बसवली, तिच्यावर एक मुख्य पार्टिशन केलं, मशीन पुन्हा सुरू केलं. माणसाचं मन म्हणतं: सी आणि डी होतेच, नवीन आलेला ई असणार. पण नियमाप्रमाणे नव्या डिस्कचं मुख्य पार्टिशन मध्ये घुसलं आणि डी झालं. जुना डी सरकून ई झाला. त्या माणसाने विश्वासाने ई फॉरमॅट केला तर काय गेलं, हे तुम्हीच सांगा.

कॉम्प्युटर इथे इशारा द्यायचा: ई ड्राइव्हवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का? माणूस 'वाय' दाबायचा. दोघंही खरं बोलत होते. पण इशाऱ्यात नाव होतं ते अक्षराचं, आणि गोंधळ होता वस्तूचा.

पुढे विंडोज एनटीच्या घराण्याने यात सुधारणा केली. डिस्कवर लिहिलेली एक खूण बघून अक्षर लक्षात ठेवायचं, म्हणजे वायरीची जागा बदलली तरी डी हा डी च राहतो. आज आपण वापरतो त्या विंडोजमध्ये हे आहे. पण दोन फटी उरल्या. एक, डिस्क ०, १, २ हे नंबर अजूनही सापडण्याच्या क्रमाने मिळतात; माझा घात तिथेच झाला. दोन, बिघडलेलं विंडोज दुरुस्त करायला जे वेगळं छोटं वातावरण उघडतं, त्याला तुमची अक्षरं माहीत नसतात. ते स्वतःची वाटणी करतं, आणि तुमचा नेहमीचा सी तिथे डी म्हणून दिसू शकतो. लॅपटॉप बंद पडलाय, प्रबंध सादर करायची तारीख जवळ आलीय, अशा वेळी नेमकी ही फट समोर येते.

शून्यापासून की एकापासून?

आता दुसरा गोंधळ. डिस्कपार्टमध्ये पहिली डिस्क ० असते, पण तिचं पहिलं पार्टिशन १ असतं. एकाच पडद्यावर दोन मोजण्या. असं का?

शून्यापासून मोजणाऱ्यांचं म्हणणं वेडगळ नाही. त्यांच्यासाठी नंबर म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. फूटपट्टी शून्यापासून सुरू होते. आपल्याकडे इमारतीत तळमजला आधी येतो आणि 'पहिला मजला' एक जिना चढल्यावर लागतो. आपण मजले शून्यापासूनच मोजतो, फक्त शून्याला तळमजला म्हणतो. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये मोजणी शून्यापासून का व्हावी यावर एक छोटं टिपण लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की शून्यापासून मोजलं तर एन वस्तूंची मांडणी '० पासून एनच्या आधीपर्यंत' अशी सरळ लिहिता येते आणि एकाची वजाबाकी-बेरीज करत बसावं लागत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे पटतं. पण वस्तूंकडे बोट दाखवून मोजणारा माणूस एकापासून मोजतो. डिस्कच्या यंत्रणा अनेक हातांनी, अनेक वर्षांत घडल्या, म्हणून दोन्ही सवयी एकमेकींशेजारी राहिल्या.

याचा सगळ्यात त्रासदायक नमुना लिनक्सच्या जगात आहे. मशीन सुरू होताना कुठली प्रणाली उघडायची ते विचारणारा ग्रब नावाचा प्रोग्राम तुम्ही बघितला असेल. जुन्या ग्रबमध्ये डिस्कही शून्यापासून आणि पार्टिशनही शून्यापासून मोजत. पहिल्या डिस्कचं पहिलं पार्टिशन म्हणजे 'एचडी०,०'. नवा ग्रब २ आला, त्यात डिस्क शून्यापासूनच राहिली, पण पार्टिशन एकापासून सुरू झालं: 'एचडी०,१'. आता जुनी सूचना वाचून नव्या ग्रबमध्ये काम करणाऱ्याचं काय होईल? जुन्या सूचनेतलं 'एचडी०,१' म्हणजे दुसरं पार्टिशन, नव्यात तेच पहिलं. अक्षरन् अक्षर तेच, जागा वेगळी.

हे वाचून हसू येत असेल तर दादर स्टेशन आठवा. भिवंडीहून ठाणे किंवा कल्याण गाठायचं, लोकल पकडायची, आणि पश्चिम रेल्वेवर जायचं असेल तर दादरला गाडी बदलायची, हा आमच्याकडच्या अनेकांचा परिपाठ. दादरला पश्चिम रेल्वे आपले प्लॅटफॉर्म एकापासून मोजायची आणि मध्य रेल्वेही एकापासून. "प्लॅटफॉर्म नंबर एकवर थांब," असं सांगितलं की दोन माणसं दोन ठिकाणी थांबायची. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून सलग मोजणी झाली. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. गोंधळ मिटला. पण २०२३ च्या आधीच्या एखाद्या बातमीत, डायरीत किंवा मुलाखतीत "दादर, प्लॅटफॉर्म नंबर एक" असं आलं, तर संशोधकाला विचारावंच लागेल: कुठल्या रेल्वेचा? आणि कुठल्या तारखेचा?

एका रात्रीत बदललेली नावं

लिनक्सचाच आणखी एक प्रसंग सांगते, कारण त्यात नंबर आणि नाव यांच्यातला फरक स्वच्छ दिसतो.

जुन्या आयडीई पट्ट्यांच्या काळात मदरबोर्डवर दोन जोडण्या असत आणि प्रत्येकीवर दोन डिस्क बसत: मास्टर आणि स्लेव्ह. डिस्कच्या मागे एक बारीकशी टोपी असे, जंपर; ती कुठल्या पिनांवर आहे त्यावरून कोण मास्टर ते ठरे. लिनक्स या चार जागांना एचडीए, एचडीबी, एचडीसी आणि एचडीडी म्हणायचं. ही नावं जागेची होती. दुसरी जागा रिकामी असली तरी तिसऱ्या जागेवरची डिस्क एचडीसीच राहायची. म्हणजे चाळीतल्या खोल्यांसारखं. दोन नंबरची खोली रिकामी आहे म्हणून तीन नंबरवाल्याचा पत्ता बदलत नाही.

स्कझी डिस्कची पद्धत वेगळी होती. त्यांना एसडीए, एसडीबी अशी नावं सापडण्याच्या क्रमाने मिळत. हे रांगेसारखं. पुढचा माणूस गेला की तुमचा नंबर सरकला. पुढे यूएसबी आणि साटा डिस्कही याच रांगेत आल्या. मग २००६-०७ च्या सुमाराला लिनक्सने जुन्या आयडीई डिस्कही नव्या यंत्रणेखाली आणल्या. मे २००७ मध्ये आलेल्या फेडोरा ७ ने हा बदल स्वीकारला, आणि ज्यांनी ती आवृत्ती चढवली त्यांची एचडीए एसडीए झाली. सेटिंगच्या फाइलमध्ये जुनं नाव हाताने लिहून ठेवलेलं असेल, तर ते नाव आता कशालाच लागत नव्हतं. डिस्क हलली नव्हती, वायर हलली नव्हती. फक्त मोजणाऱ्याने मोजायची पद्धत बदलली होती.

आजच्या वेगवान डिस्कची नावं बघा: एनव्हीएमई०एन१पी१. यातला पहिला आकडा कंट्रोलरचा, तो शून्यापासून. दुसरा आकडा कंट्रोलरच्या आतल्या विभागाचा, तो एकापासून. तिसरा पार्टिशनचा, तोही एकापासून. चाळीस वर्षांचा वाद एका नावात राहतोय.

मग वस्तूला तिचं स्वतःचं नाव कधी मिळालं?

मिळालं. हळूहळू, आणि आपल्या नकळत.

१९८८ च्या डॉस ४ पासून फॉरमॅट करताना प्रत्येक खंडावर एक अनुक्रमांक लिहिला जायला लागला. लिनक्सच्या फाइल प्रणालींमध्ये यूयूआयडी आला, म्हणजे १२८ बिटांचा लांबलचक ओळख-क्रमांक, इतका मोठा की योगायोगाने तोच दुसरीकडे येण्याची शक्यता नगण्य. पार्टिशनच्या जीपीटी या नव्या पद्धतीत डिस्कला वेगळा आणि प्रत्येक पार्टिशनला वेगळा असा क्रमांक असतो. कारखान्यात डिस्कवर छापलेला सीरियल नंबर तर असतोच. लिनक्समध्ये यूडेव्ह आल्यावर या ओळखींनीच डिस्कला हाक मारता यायला लागली, मग ती कितवी का सापडेना.

तीन गोष्टी वेगळ्या करा: कितवी (डिस्क १, एसडीबी), कुठली भूमिका (सी, डी) आणि कोण (सीरियल नंबर, यूयूआयडी, तुम्ही दिलेलं लेबल). पहिल्या दोन गोष्टी मशीन ठरवतं आणि उद्या बदलू शकतं. फॉरमॅट करणं हे न फिरवता येणारं काम आहे. न फिरवता येणारं काम 'कितवी' च्या भरवशावर कधीच करू नका, ते 'कोण' बघूनच करा.

गंमत म्हणजे विंडोजची जुनी फॉरमॅट कमांड हे शहाणपण आजही पाळते. लेबल असलेली डिस्क तिच्याकडून फॉरमॅट करायची तर ती आधी त्या खंडाचं सध्याचं लेबल टाइप करायला लावते. नुसतं 'वाय' चालत नाही, नाव सांगावं लागतं. मी माझ्या डिस्कला लेबल दिलं असतं आणि घाईने 'क्लीन' च्या वाटेला गेले नसते, तर त्या रात्री मला तिथेच अडवलं गेलं असतं.

हे तुमच्या संशोधनातही आहे

जमिनीच्या कागदांवर काम करणारे आता मान डोलवत असतील. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीने आपल्याकडच्या शेतांना सर्व्हे नंबर दिले. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झालं तिथे गट नंबर आले. काही गावांच्या कागदांवर 'जुना स. नं.' आणि 'नवा स. नं.' असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. भिवंडीच्या आजूबाजूच्या गावांत शेतांवर गोदामं उभी राहिली, त्यांचा इतिहास लिहायचा तर ही जुन्या-नव्याची जुळवणी आधी करावी लागते. ती न करता जुन्या फेरफारातला नंबर आजच्या सातबाऱ्यावर शोधलात, तर सापडेल. नक्की सापडेल. दुसऱ्याचीच जमीन सापडेल.

नंबरच सापडला नसता तर निदान चूक कळली असती. चुकीच्या जागी बरोबर नंबर सापडणं हे जास्त वाईट. माझ्या डिस्कपार्टमध्ये 'डिस्क १' नव्हतीच असं झालं असतं, तर मी थांबले असते.

पुराभिलेखागारातले लोक हे जाणतात, म्हणून ते नुसता नंबर कधी देत नाहीत. विभाग, वर्ष, खंड, पान असा पूर्ण पत्ता देतात. तुमच्या वहीतही तसाच हवा.

फॉरमॅट करण्याआधी

आता मी जे करते ते सांगते. पाच मिनिटं लागतात.

१. दोन प्रती नसतील तर फॉरमॅटचा विषयच काढू नका. आधी तिसरीकडे कॉपी, मग बाकीचं.

२. जी डिस्क साफ करायची नाही, ती वायर काढून टेबलावर ठेवा. जोडलेलीच नाही ती डिस्क पुसली जात नाही. यापेक्षा मोठी युक्ती मला सापडलेली नाही.

३. प्रत्येक डिस्कला लेबल द्या, आत आणि बाहेर. आत 'मुलाखती-मूळ' असं, बाहेर त्याच नावाची चिकटपट्टी. 'न्यू व्हॉल्यूम' हे नाव नाही.

४. आदेश देण्याआधी लगेच, त्याच बैठकीत, मॉडेल आणि सीरियल नंबर बघा. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडल्यावर 'डिटेल डिस्क' असं टाइप केलं की मॉडेल, ओळख-क्रमांक आणि तिच्यावरचे खंड लेबलसकट दिसतात. लिनक्समध्ये 'एलएसबीएलके' ला मॉडेल आणि सीरियलचे रकाने दाखवायला सांगता येतात. मधे मशीन बंद झालं, झोपलं किंवा एखादी वायर हलली, तर आधीचं बघितलेलं रद्द. पुन्हा बघा.

५. माप बघून ओळखत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. खोक्यावरचा एक टेराबाइट म्हणजे दशमान पद्धतीने एक हजार अब्ज बाइट; विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे ९३१ दिसतात. डिस्क 'कमी' नसते. आणि दोन डिस्क एकाच मापाच्या असतील तर माप ही ओळखच नव्हे. म्हणून शक्य असेल तर मूळ आणि प्रत यांच्या डिस्क वेगवेगळ्या मापाच्या घ्या.

६. एक सावधगिरी: एका डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली तर यूयूआयडीचीही नक्कल होते. आणि काही यूएसबी खोकी आतल्या डिस्कचा सीरियल नंबर न सांगता स्वतःचाच सांगतात. म्हणून चिकटपट्टी लावाच.

शेवटी काय वाचलं

'क्लीन' आणि झटपट फॉरमॅट यांनी माझ्या डिस्कवरची बरीच माहिती प्रत्यक्षात पुसली नव्हती, फक्त तिची अनुक्रमणिका गेली होती. पण नंतर रात्रभर चाललेल्या कॉपीने खरंच काही भाग वरून लिहून टाकला. माहिती परत मिळवणारा एक प्रोग्राम दोन दिवस चालवला. फोटो बहुतेक आले. चौदापैकी नऊ मुलाखती आल्या.

आणि आता ऐका: त्या प्रोग्रामने परत आलेल्या फाइलींना जुनी नावं दिली नाहीत, कारण ती त्याला माहीतच नव्हती. त्याने त्या सापडल्या त्या क्रमाने नंबर दिले. एक, दोन, तीन, अकराशेपर्यंत. हिशेबवहीच्या पानाचा फोटो आहे, अक्षर स्वच्छ आहे, पण कुठल्या कारखान्याची वही, कुठलं वर्ष? फाइलीच्या नावात मी ते लिहिलं होतं, आणि नावच गेलं होतं. मार्गदर्शक मॅडमना दाखवलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "ज्या कागदाचा पत्ता सांगता येत नाही, तो प्रबंधात येत नाही." चार महिने मी वहीतल्या टिपणांशी एकेक फोटो जुळवत बसले होते. सुमारे दोनशे अजून बिननावाचे आहेत.

पाच मुलाखती गेल्या. तिघांकडे परत गेले, त्यांनी परत सांगितलं. पण दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट बदलते, नीट बसते, धार जाते. ती पहिली मुलाखत नव्हे. चौथ्यांनी हसून नकार दिला: "एक बार बोल दिया ना, बेटा." पाचवे चाचा तोपर्यंत गावी, आझमगडला, परत गेले होते. चाळीस वर्षं त्यांनी इथे माग चालवला. त्यांचा फोन लागत नाही. ते काय म्हणाले होते त्याची माझ्याकडे दीड पान टिपणं आहेत, आवाज नाही.

आज संध्याकाळी तुमच्या डिस्कला नाव द्या. आतून द्या, बाहेरून द्या. मग सावकाश पुढचं वाचायला बसा.